मी गेलो, ते राहिले

दिवाळीची साफसफाई म्हणजे आमच्या घरी दरसाल एक लहानसे युद्धच असते. माळ्यावर कोण चढणार यावरून ते सुरू होते आणि रद्दीत काय जाणार यावरून पेटते. यंदा माझ्या त्र्याहत्तर वर्षांच्या गुडघ्यांनी पहिल्या प्रश्नातून मला सोडवले. सून माळ्यावर चढली आणि मी खाली उभा राहून डबे झेलत होतो. त्यांत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. आत जुनी बटणे, एक अडकित्ता, कुठल्याशा कुलपाच्या किल्ल्या आणि एक पितळी शिट्टी.

“ही कुणाची हो, बाबा?” सूनबाईंनी वरून विचारले.

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, “राहू दे गं तिथेच. ती टाकायचीही नाही आणि वाजवायचीही नाही!”

चाळीस वर्षे त्या शिट्टीबद्दल आमच्या घरात कुणी बोलले नव्हते. पण त्या दिवशी मी ती धुऊन, पुसून खिशात टाकली आणि मनाशी म्हटले की एकदा ही हकीकत सांगून टाकावी.

मी १९७४ साली सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागलो. आज सातपूर म्हणजे नाशिक शहराचाच एक तुकडा, पण तेव्हा तसे नव्हते. नाशिक महानगरपालिका १९८२ साली झाली आणि सातपूर तिच्यात गेले. तोपर्यंत आमची नगरपालिका वेगळी आणि आमचा तोराही वेगळा. त्र्यंबकच्या रस्त्याला औद्योगिक वसाहत वाढत होती. एका बाजूला यंत्रांची धडधड, दुसऱ्या बाजूला शेतातली मोट नुकतीच जाऊन बसलेले विजेचे पंप. खानदेशातले, नगरकडचे, मराठवाड्यातले, कोकणातले लोक एकाच चाळीत राहायला आले होते. भाकरी प्रत्येकाची वेगळी, पण भोंगा सगळ्यांचा एकच.

कामगारांची पोरे संध्याकाळी उंडारत. त्यांना धरून मी १९७७ साली कबड्डीचा संघ काढला. मी स्वतः कॉलेजात उजवा कोपरा सांभाळत असे, एवढेच माझे भांडवल. वसाहतीमागचे एक पडीक पटांगण आम्ही महिनाभर खडे वेचून साफ केले. फक्कीने रेषा आखल्या. पहिली पाळी सुटली की मी घरी चहा घेऊन थेट तिथे जाई. ही पितळी शिट्टी तेव्हाची. पोरांना दम कसा धरायचा, चढाईत मागचा पाय कुठे ठेवायचा, पकड घोट्याला घ्यायची की मांडीला, हे सगळे मी तोंड कोरडे पडेपर्यंत सांगत असे. पहिली तीन वर्षे आम्ही सगळीकडे हरलो. चौथ्या वर्षी जिंकू लागलो. सहाव्या वर्षी आमची तीन पोरे जिल्ह्याच्या निवडीपर्यंत गेली, आणि मला वाटले आता खरी सुरुवात होणार.

तेवढ्यात ठाण्याकडच्या एका कंपनीचे पत्र आले. पगार दीडपट, राहायला क्वार्टर आणि कंपनीच्या कबड्डी संघाची जबाबदारी. तयार खेळाडू, गणवेश, प्रवासभत्ता! माझ्या थोरल्याचे शाळेत जायचे वय झाले होते. घरात एकच रात्र चर्चा झाली आणि सकाळी मी होकार कळवला. हा १९८४ सालचा जून महिना.

पोरांना मी शनिवारी सांगितले. मोठ्या पोरांनी माना डोलावल्या. उजव्या कोपऱ्यातला एक पोरगा होता, सोळा वर्षांचा, अंगाने किडकिडीत पण पकडीला मगरीसारखा. त्याला बहुधा नीट कळलेच नाही. जाताना तो म्हणाला, “सर, मंगळवारी सराव आहे ना?”

मंगळवारी मी ठाण्यात होतो.

मी काही पाप केले असे नाही. मध्यमवर्गीय माणसाने लेकराबाळांसाठी नोकरी बदलायची नाही तर काय करायचे? ठाण्यात माझे बरे चालले. कंपनीचा संघ चांगला होता, पण खरे सांगायचे तर तो माझ्यावाचूनही चांगलाच होता. पोरे तयार होऊन येत, मी त्यांना दोन वर्षे धार लावी, मग ती दुसरीकडे जात. दर महिन्याला सातपूरला जाईन असे म्हणालो होतो. सहा महिन्यांत दोनदा गेलो, नंतर लग्नकार्यापुरता.

या गोष्टीचा मला पहिला चटका बसला तो २०१० साली, ऑक्टोबरच्या ८ तारखेला, ठाण्याच्या घरात दूरदर्शनसमोर बसलेलो असताना. दिल्लीला राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा चालू होत्या. बायकांची दहा हजार मीटरची शर्यत होती. म्हणजे चारशे मीटरच्या पंचवीस फेऱ्या. बघणाऱ्याचा धीर सुटतो, तिथे धावणाऱ्याचे काय होत असेल! पुढे केनियाच्या दोघी, ग्रेस मोमानी आणि डोरिस चांगेवो. त्यांच्यामागे एक सडपातळ, सावळी मुलगी तिसरी आली. कविता राऊत. तेहतीस मिनिटे आणि पाच सेकंद, म्हणजे दर फेरीला सरासरी ७९ सेकंद. राष्ट्रकुल स्पर्धांत धावपट्टीवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पुरुष धरले तरी त्याआधीचे धावपट्टीवरचे पदक मिल्खासिंगांचे, १९५८ साली कार्डिफला. बावन्न वर्षे मध्ये गेली होती.

मी उडी मारून उठलो आणि शेजारी जाऊन सांगितले, “आमच्या नाशिकची पोरगी आहे हो!”

नाशिकची म्हणजे थेट शहरातलीही नव्हे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची, आदिवासी घरातली, वडील वनखात्यात. धावायला बूट लागत नाहीत म्हणून ती धावण्याकडे वळली, असे तिच्याबद्दल सांगितले जाते. ज्यांनी तो मुलूख पाहिला आहे त्यांना यात काही नवल वाटणार नाही. पावसाळ्यात आकाश फाटल्यासारखे कोसळते आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी बायकांना डोंगर उतरावा लागतो. तिथल्या मुलींचा दम शाळेत शिकवायला लागत नाही. पण दम असलेल्या शेकडो मुली त्या पाड्यांवर आहेत. त्यांतल्या एखादीला धावपट्टीवर आणून उभी करणारे कुणी तरी गावात असावे लागते.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ते नाव वाचले. विजेंद्रसिंग. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे, ज्याला सगळे ‘साई’ म्हणतात, त्याचे प्रशिक्षक. मूळचे उत्तरेकडले. कविता शाळकरी होती तेव्हापासून नाशकात तिला शिकवणारे. त्यांचे मैदान भोसला मिलिटरी स्कूलचे. ही शाळा डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली सुरू केली, आणि तिचे पटांगण आमच्या सातपूरपासून हाकेच्या नव्हे तरी सायकलच्या अंतरावर आहे. मी कितीदा तरी तिथून सायकलने गेलो होतो!

पेपर खाली ठेवला आणि मला उगाच तो पोरगा आठवला. सराव आहे ना, सर?

लांब पल्ल्याचे धावणे हा फार सावकाश पिकणारा जिन्नस आहे. शंभर मीटर धावणारा पोरगा चार महिन्यांत चमकू शकतो. पाच हजार, दहा हजार मीटरचे तसे नाही. पंधरा वर्षांची मुलगी हाताशी आली की पहिली दोन-तीन वर्षे तिचा पाया घालण्यात जातात. संथ धावायचे, रोज धावायचे, पावसात, थंडीत, परीक्षेच्या दिवसांतही. हृदय, फुप्फुसे, पायांचे स्नायू, घोट्यांच्या नसा यांना त्या कष्टाची सवय लागावी लागते. मग वेगाच्या तुकड्या सुरू होतात. चारशे मीटर जोरात, मध्ये थोडे हलके, पुन्हा चारशे; आणि बाजूला घड्याळ घेऊन उभा असलेला माणूस. जरा घाई केली तर नडगीचे हाड दुखावते आणि वर्ष वाया जाते. म्हणून हे धावपटू पंचविशीच्या आसपास पिकतात. कविता दिल्लीला धावली तेव्हा ती पंचवीस वर्षांचीच होती. म्हणजे प्रशिक्षकाने आज पेरलेले दहा वर्षांनी उगवते. आणि सरकारी नोकरीत दहा वर्षे एका ठिकाणी राहतो कोण?

दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती मला अधिक कठीण वाटते. पोरगी चमकू लागली की ती प्रशिक्षकाची राहत नाही. तिला राष्ट्रीय शिबिरात बोलावतात. कविताही गेली. तिथे निकोलाय स्नेसारेव हे बेलारूसचे प्रशिक्षक होते, मोठ्या शिस्तीचे आणि नावाजलेले. त्यांचे २०२१ साली पतियाळात निधन झाले. त्यांच्या हाताखाली तयारी करून कविता दिल्लीनंतर सहाच आठवड्यांनी चीनमध्ये ग्वांगचौला आशियाई स्पर्धांत उतरली. तिथे तिने आपली वेळ जवळजवळ सव्वा मिनिटाने सुधारली. केरळची प्रीजा श्रीधरन पहिली आणि कविता दुसरी. दोघींत एका सेकंदाचेही अंतर नव्हते. पाच हजार मीटरमध्ये कविताला कांस्यपदक मिळाले. २०१२ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

या सगळ्याचे श्रेय कुणाचे? शिबिरातल्या गुरूचे आहेच. पण शिबिरात जाण्याजोगी मुलगी कुणीतरी घडवून दिली, तेव्हा ते श्रेय आले. गावातल्या गुरूची स्थिती थोडी मुलीच्या बापासारखी असते. चांगले स्थळ आले की मुलगी द्यायची, अक्षता टाकायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला पुन्हा पटांगणावर जायचे, कारण तिथे धाकट्या दहा जणी येऊन उभ्या असतात. मला हे जमले नसते. मी तर तयार मुली असलेल्या घरीच राहायला गेलो!

केरळात ओ. एम. नंबियार होते. हवाई दलातून निवृत्त झालेला माणूस. पय्योळीची पी. टी. उषा शाळकरी होती तेव्हा तिला त्यांनी हेरले आणि १९८४च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकपर्यंत नेऊन सोडले. चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले, हे आमच्या पिढीतला कोणीही विसरलेला नाही. त्यानंतरच्या वर्षी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला आणि पहिल्याच मानकऱ्यांत नंबियार होते. कुस्तीचे आपले भालचंद्र भास्कर भागवतही त्यांतच. नंबियारांना पद्मश्री मात्र मिळाली २०२१ साली, नव्वदीला टेकल्यावर, आणि त्याच वर्षी ते गेले. आपल्याकडे गुरूंना दक्षिणा द्यायला अंमळ उशीरच होतो.

माझा एक भाचा अमेरिकेत असतो. त्याच्याशी दूरध्वनीवर हे बोलणे निघाले, तेव्हा त्याने मला एड चेफ यांची गोष्ट सांगितली. बेसबॉल हा खेळ मला क्रिकेटचा चुलतभाऊ वाटतो. घरचाच, पण वागण्याची रीत निराळी. तर आयडाहो नावाच्या राज्यात लुइस्टन हे तीसेक हजार वस्तीचे, दोन नद्यांच्या संगमावरचे गाव आहे. तिथल्या लुइस-क्लार्क स्टेट कॉलेजात चेफ १९७७ साली बेसबॉलचे प्रशिक्षक झाले आणि २०१० साली निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. चौतीस हंगाम! त्यांच्या संघाने १७००हून अधिक सामने जिंकले आणि लहान महाविद्यालयांची राष्ट्रीय अजिंक्यपदे सोळा वेळा घरी आणली. त्या देशात मोठ्या विद्यापीठांचे प्रशिक्षक म्हणजे संस्थानिकच. पगार ऐकून आपल्याला घेरी यावी. इतके जिंकूनही चेफ त्या वाटेला गेले नाहीत. उलट त्या राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरीच अनेक वर्षे लुइस्टनला भरत आली. मोठ्या गावांतल्या संघांना विजेतेपदासाठी या आडगावात यावे लागले. मला ही गोष्ट फार आवडली. आपल्याकडे त्र्यंबकला कुंभमेळ्यासाठी जग येते, तसेच हे!

एका जागी राहणाऱ्यांबरोबर एका माणसासाठी जागा गहाण टाकणारेही आठवतात. १९५२ साली कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले, तेव्हा पैशांची तोंडमिळवणी होईना. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या पैशांचे पुढे काय झाले ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घरी आले. प्राचार्यांनी घरच्या मंडळींना ही गोष्ट कशी सांगितली असेल, याचा विचार मात्र मी पुष्कळदा करतो. आमच्याकडे एका रात्रीत झालेली चर्चा मला आठवते ना!

निवृत्त होऊन मी २०१२ साली सातपूरला परत आलो. ठाण्यातली जागा मुलाच्या शिक्षणाला कधीच विकली गेली होती, सातपूरची जुनी दोन खोल्यांची जागा तेवढी राहिली होती. एका हिवाळ्यात पहाटे फिरता फिरता मी भोसलाच्या पटांगणाशी जाऊन उभा राहिलो. धुके होते. कडेला चपला काढून ठेवलेल्या होत्या, काही स्पंजच्या, काही तुटलेल्या पट्ट्याला तार बांधलेल्या. आणि धुक्यातून पावलांचा आवाज येत होता. माणसे आधी दिसत नव्हती, नुसती लय ऐकू येत होती. मग एकदम सात-आठ मुली समोरून गेल्या आणि पुन्हा धुक्यात शिरल्या. मी तिथे अर्धा तास उभा होतो. पुढे होऊन कुणाशी बोलायचे धाडस झाले नाही.

विजेंद्रसिंग इथे का राहिले हा त्यांचा प्रश्न. राहिल्याने काय झाले, ते मात्र मोजता येते. कवितानंतर ती वाट बंद झाली नाही. नाशिकची मोनिका आथरे २०१७ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. त्याच वर्षी संजीवनी जाधवने भुवनेश्वरला आशियाई स्पर्धेत पाच हजार मीटरचे कांस्य घेतले आणि ऑगस्टमध्ये तैपेईला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजार मीटरचे रौप्य. जगभरच्या कॉलेजांतली पोरे जिथे येतात, तिथे नाशकातली कॉलेजकन्या दुसरी! दोघीही त्याच पटांगणावर तयार झालेल्या. सगळेच गोड झाले असेही नाही. संजीवनीवर उत्तेजक चाचणीच्या प्रकरणात २०१८ साली दोन वर्षांची बंदी आली आणि त्या वर्षीचे एक आशियाई पदकही गेले. अशा वेळी मोठ्या शहरातली गर्दी पांगते. ती मुलगी पुन्हा धावली. कविताचेही तसेच. २०१६ साली गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत तिने मॅरेथॉनचे सुवर्ण घेतले आणि त्याच वर्षी रिओ ऑलिम्पिकला ती १२०वी आली. १२०वी! लोक हसले. बेचाळीस किलोमीटर धावून पाहा म्हणावे, मग हसा.

परत आल्यावर पहिल्याच महिन्यात त्र्यंबक रस्त्यावरच्या एका टायरच्या दुकानात स्कूटरचे पंक्चर काढायला गेलो होतो. काउंटरमागचा टकला गृहस्थ माझ्याकडे बघतच राहिला.

“सर?”

तो उजवा कोपरा होता. सोळाचा चव्वेचाळीस झाला होता, आणि किडकिडीत तर मुळीच राहिला नव्हता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. संघाचे विचारायला माझी जीभ उचलेना, तेव्हा त्यानेच सांगितले. माझ्यामागे चार महिने त्यांनी आपसांत सराव केला. मग भांडणे झाली. मग पटांगणावर कुणीतरी विटा उतरवल्या. निवडीपर्यंत गेलेल्या तिघांपैकी एक पुढे पोलिसात लागला, खेळाच्या जोरावर नव्हे. दुसरा गावी शेती बघतो. तिसरा वारला.

“मंगळवारी मी गेलो होतो, सर,” तो हसत म्हणाला. “फक्की घेऊन. सात वाजेपर्यंत थांबलो.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. पंक्चरचे पैसे त्याने घेतले नाहीत.

त्यालाही आता तेरा वर्षे होऊन गेली. आमचे येणेजाणे झाले, त्याच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीला वाढप्या होतो. त्याने कबड्डीचे नाव काढले नाही आणि मीही काढले नाही. यंदा मात्र नवरात्रात तो घरी आला. वसाहतीच्या शाळेमागे जागा आहे, नऊ पोरे आणि चार पोरी आहेत, सगळ्या कामगारांच्या. त्याने स्वतःच त्यांना गोळा केले आहे. पण त्याला दुकान सोडून रोज जमत नाही आणि पकडीखेरीज त्याला काही शिकवता येत नाही.

“तुम्ही नुसते खुर्चीत बसा, सर. शिट्टी तेवढी वाजवा.”

मी गुडघ्यांचे कारण सांगितले, रक्तदाबाचे सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, “पोरांना मी सांगितलं नाही अजून. तुम्ही किती दिवस याल ते आधी सांगा, म्हणजे तेवढंच सांगतो.”

मी त्याला म्हणालो की दिवाळी होऊ दे, मग सांगतो. तेव्हा तो डबा माळ्यावरच होता.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेच्या सकाळी, मी घराबाहेर पडलो तेव्हा सौभाग्यवतींनी कुठे निघालात असे विचारले नाही. फक्त मफलर आणून दिला. पोरे आधीच आली होती. रेषा वाकड्या आखल्या होत्या, मध्यरेषा तर सापासारखी. मी शिट्टी तोंडाला लावली. आतला गोटा गंजून घट्ट बसला होता. दोन-तीनदा फुंकली तेव्हा नुसती हवा गेली आणि चारही पोरी खुदकन हसल्या. चौथ्यांदा ती वाजली.

“पहिल्यांदा ही रेष पुसा,” मी म्हणालो. “दोरी आणा कुणीतरी.”

उजवा कोपरा दोरी आणायला गेला.